सर्व्हरची मेमरी दर आठवड्याला भरते: शेअर्ड पॉइंटरच्या फेऱ्यात अडकलेली ऑब्जेक्ट्स कशी सोडवायची

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. सुरू केल्यावर मेमरी बेताची असते, मग रोज थोडी थोडी चढते आणि रात्री काम कमी झालं तरी खाली येत नाही. सातव्या-आठव्या दिवशी लिनक्स ती प्रोसेस मारून टाकतं. सीपीयूचा वापरही तोवर हळूहळू वर सरकलेला असतो. पुन्हा सुरू केलं की सगळं सुरळीत. मेमरीची गळती शोधणारं व्हॅलग्रिंड म्हणतं गळती नाही, तसलाच लीक सॅनिटायझरही तेच म्हणतो. कोडमध्ये हाताने लिहिलेलं एकही डिलीट नाही, सगळीकडे शेअर्ड पॉइंटर, म्हणजे शेवटचा वापरणारा गेला की ऑब्जेक्ट आपोआप मोकळं करणारा पॉइंटर.

आमच्या पुण्याच्या टीममध्ये हे दोन वर्षांत तीनदा झालं, तीन वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये. पहिल्या वेळी आम्ही रविवारी रात्री रीस्टार्ट करणारी एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, टाकली आणि विषय मिटला असं समजलो. तो मिटला नव्हता. ट्रकची संख्या वाढली तशी मेमरी रविवारची वाट न पाहता गुरुवारीच भरू लागली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा सर्व्हर काय करतो ते थोडक्यात सांगतो. चाकणहून निघणाऱ्या मालट्रकमध्ये बसवलेलं यंत्र दर काही सेकंदांनी आपलं ठिकाण पाठवतं. एका ट्रकचं एक कनेक्शन, एका कनेक्शनचं एक सेशन ऑब्जेक्ट, आणि प्रत्येक सेशनमध्ये ६४ किलोबाइटचा बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची जागा. बाणेरच्या ऑफिसात टेस्ट करताना कनेक्शन कधी तुटतच नसे, त्यामुळे तिथे मेमरी अगदी स्थिर. रस्त्यावर मात्र ट्रक कात्रजच्या बोगद्यात शिरला किंवा खंबाटकी घाटात गेला की रेंज जाते. रेंज आली की यंत्र नवं कनेक्शन जोडतं आणि नवं सेशन तयार होतं. जुनं सेशन तेव्हा मरायला हवं. ते मरत नव्हतं. हजार वेळा कनेक्शन तुटलं की साठेक मेगाबाइट कायमचे गेले. वाढीचा आलेख ट्रकच्या संख्येशी जुळत नव्हता, कनेक्शन किती वेळा तुटलं त्याच्याशी जुळत होता, आणि हे आमच्या लक्षात यायला फार वेळ लागला.

आता मुळाशी जाऊ. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या अभ्यासिका आहेत. रात्री शेवटी निघणाऱ्याने दिवे बंद करायचे आणि कुलूप लावायचं, असा साधा नियम तिथे चालू शकतो. शेअर्ड पॉइंटर हाच नियम पाळतो. ऑब्जेक्टशेजारी कंट्रोल ब्लॉक नावाची छोटी वही असते. तिच्यात आत किती जण आहेत त्याचा आकडा असतो. पॉइंटरची प्रत झाली की एकने वाढतो, प्रत नष्ट झाली की एकने कमी होतो, शून्य झाला की डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारं फंक्शन, चालतो. आता दोन मित्र समोरासमोर बसलेत आणि दोघांनीही मनाशी ठरवलंय, “हा उठला की मी उठेन.” आकडा दोनवर थांबतो आणि दिवे रात्रभर जळतात. यात नियम कुणीही मोडलेला नाही. वहीतला आकडा अगदी बरोबर आहे, दोघं खरंच आत आहेत. ऑब्जेक्ट्स अशी एकमेकांना धरून बसली की त्याला मी फेरा म्हणतो.

हे दुखणं नवं नाही. याद्यांची मेमरी मोकळी करायला संदर्भ मोजण्याची पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली, आणि फेरा तयार झाला की ती पद्धत अडते हे मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच एका पत्रात दाखवून दिलं. पायथॉननेही संदर्भ मोजण्यावरच काम चालवलं, पण २००० साली आलेल्या २.० आवृत्तीपासून फेरे शोधून काढणारा वेगळा सफाईवाला सोबत घेतला. सी प्लस प्लसमध्ये तो नाही. २०११ च्या मानकात शेअर्ड पॉइंटरबरोबर ऑब्जेक्ट ओळखणारा पण आकडा न वाढवणारा वीक पॉइंटर आला तो याचसाठी, पण तो कुठे वापरायचा हे आपणच ठरवायचं असतं. रस्ट भाषेतले आरसी आणि आर्क हे पॉइंटर, स्विफ्ट भाषेतली मोजणी यांचंही तसंच. जावातून आलेल्या मुलांना हे पचायला जड जातं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे फेरा ही अडचणच नसते.

आमचा फेरा असा होता. सेशनकडे टायमरचा शेअर्ड पॉइंटर. टायमर दर तीस सेकंदांनी ट्रक जिवंत आहे का ते विचारायचा, म्हणून त्याच्या पोटात एक कॉलबॅक, म्हणजे वेळ झाली की बोलावायचं फंक्शन, साठवलेला. तो कॉलबॅक म्हणजे लॅम्डा, जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, आणि त्या लॅम्डाने शेअर्ड फ्रॉम धिस वापरून, म्हणजे सेशनचा स्वतःचाच शेअर्ड पॉइंटर घेऊन, सेशनच पकडून ठेवलेलं. सेशनने टायमर धरला, टायमरने लॅम्डा, लॅम्डाने सेशन. आणि टायमर रद्द करण्याची ओळ कुठे होती? सेशनच्या डिस्ट्रक्टरमध्ये. टायमर रद्द झाल्याशिवाय सेशन मरणार नाही, आणि सेशन मेल्याशिवाय टायमर रद्द होणार नाही. मेलेल्या कनेक्शनचा टायमर दर तीस सेकंदांनी उठायचा, सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद आहे हे बघायचा आणि परत झोपायचा. सीपीयू हळूहळू वर जात होता तो याच हजारो निरुपयोगी हेलपाट्यांमुळे.

हे कोड ज्याने लिहिलं तो हुशार माणूस आहे. डिस्ट्रक्टरमध्ये साफसफाई करावी हे आपण सगळे शिकलोय. पण ज्या गोष्टीमुळे ऑब्जेक्ट जिवंत राहतं, तीच सोडण्याचं काम त्याच ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरकडे देता येत नाही. तुमच्या कोडमध्ये पहिल्यांदा हेच शोधा. डिस्ट्रक्टरमध्ये टायमर रद्द करणं, नोंदणी काढणं, अनसबस्क्राइब करणं अशी ओळ दिसली की ती नोंदणी आपल्यालाच धरून बसली आहे का ते बघा.

मग साधनांना हे का दिसलं नाही? व्हॅलग्रिंड आणि लीक सॅनिटायझर गळतीचा हिशोब प्रोग्राम संपताना मांडतात. कुठल्याच वाटेने पोहोचता येत नाही अशी मेमरी उरली, तर ती गळती. आमच्या इव्हेंट लूपकडे, म्हणजे आलेली कामं एकेक करून चालवणाऱ्या भागाकडे, सगळ्या टायमरची यादी होती, म्हणजे वाट उघडीच. शिवाय बंद होताना लूप प्रत्येक टायमरचा कॉलबॅक रिकामा करायचा, तिथे फेरा तुटायचा आणि हजारो सेशन रांगेने व्यवस्थित मोकळी व्हायची. अहवाल कोरा. चालू असताना फुगणाऱ्या आणि थांबताना शहाण्यासारख्या वागणाऱ्या प्रोग्रामबाबत या अहवालावर विसंबू नका. उलट, लीक सॅनिटायझरच्या अहवालात नुसत्या इनडायरेक्ट गळत्या (दुसऱ्या गळलेल्या ऑब्जेक्टने धरलेल्या) दिसल्या आणि डायरेक्ट एकही नसली, तर फेऱ्याचा संशय जरूर घ्या.

हीपट्रॅक किंवा मॅसिफ हे साधन लावलं तर मेमरी कुठल्या ओळीवर मागितली ते कळतं. आमच्याकडे ती ओळ सेशन तयार करणाऱ्या मेक शेअर्डची निघाली. ते आम्हाला ठाऊकच होतं. धरून कोण बसलंय हे ती सांगत नाही.

त्यापेक्षा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट दहा ओळींची आहे. वर्गात, म्हणजे क्लासमध्ये, एक स्टॅटिक ॲटॉमिक काउंटर ठेवायचा, अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांनी) एकदम बदलला तरी न चुकणारा. कन्स्ट्रक्टरमध्ये वाढवायचा, डिस्ट्रक्टरमध्ये कमी करायचा. वर्गाची प्रत करता येत असेल तर कॉपी आणि मूव्ह कन्स्ट्रक्टरमध्येही वाढवायचा, नाहीतर आकडा ऋण होतो. मग दर मिनिटाला दोन आकडे शेजारी शेजारी लॉगमध्ये लिहायचे: जिवंत सेशन किती, उघडी सॉकेट किती. दुपारपर्यंत आमच्याकडे उघडी सॉकेट ३०० च्या आसपास आणि जिवंत सेशन ४,००० च्या वर होती. तीन आठवड्यांची चर्चा त्या एका ओळीने संपवली.

कुठलं ऑब्जेक्ट अडकलंय ते कळलं, आता त्याला कुणी धरलंय ते कसं शोधायचं? शेअर्ड पॉइंटर फक्त आकडा ठेवतो, नावं ठेवत नाही. युज काउंट, म्हणजे वहीतला तो आकडा, विचारला तर अनेक थ्रेडच्या प्रोग्राममध्ये उत्तर हातात येईपर्यंत जुनं झालेलं असू शकतं, त्यामुळे त्यावर इफची अट कधीही लिहू नका. पण थांबवलेल्या प्रोसेसमध्ये तो भरवशाचा असतो. चालू प्रोसेसचा जीकोअरने कोअर (मेमरीची जशीच्या तशी प्रत) घ्या, जीडीबी या डीबगरमध्ये उघडा आणि अडकलेल्या सेशनचा एखादा पॉइंटर छापा. जीसीसीच्या लायब्ररीत युज काउंट आणि वीक काउंट दोन्ही दिसतात. ६४ बिटच्या यंत्रावर हा पॉइंटर १६ बाइटचा असतो: पहिल्या आठ बाइटमध्ये ऑब्जेक्टचा पत्ता, पुढच्या आठमध्ये कंट्रोल ब्लॉकचा. त्या कंट्रोल ब्लॉकचा पत्ता घेऊन जीडीबीच्या फाइंडने सगळी हीप, म्हणजे प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी, धुंडाळा. जिथे जिथे तो पत्ता सापडेल तिथे त्या सेशनला धरणारा कुणीतरी आहे. वीक पॉइंटरही त्यात येतील आणि मोकळ्या झालेल्या जागेतले जुने पत्तेही येतील, ते डोळ्यांनी वेगळे करावे लागतात. आम्हाला चार जागा सापडल्या, त्यातली एक लॅम्डाच्या पोटातली. काम कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने दहा ठिकाणी वीक लिहून बघण्यापेक्षा फार बरं.

आता उपाय. आणि इथेच आमची दुसरी चूक झाली, म्हणून थोडं थांबतो.

माझ्या टीममधल्या कनिष्ठ सहकारी मुलीने लॅम्डात शेअर्डऐवजी वीक पकडला आणि आत शिरल्यावर लॉक करून घेतला, म्हणजे ऑब्जेक्ट अजून जिवंत असेल तर तेवढ्यापुरता शेअर्ड पॉइंटर मागून घेतला. बदल बरोबर होता. संध्याकाळी तिचा फोन आला.

“सर, मी वीक केलं, पण आता ट्रक जोडला जातो आणि लगेच तुटतो.”

“लगेच म्हणजे किती वेळाने?”

“एकही पॅकेट येत नाही. सेशन तयार झालं की डिस्ट्रक्टर चालतोय.”

“मग कालपर्यंत त्या सेशनला धरून कोण होतं?”

ती जरा थांबली आणि म्हणाली, “टायमरचा लॅम्डाच. दुसरं कुणीच नाही.”

अगदी तेच होतं. आमच्या सेशनला मालकच नव्हता. चुकून तयार झालेल्या फेऱ्यावर ते जगत होतं. सॉकेट वाचणारा कॉलबॅक तर नुसत्या धिसवर, म्हणजे मोजणीत न येणाऱ्या साध्या पॉइंटरवर, चालत होता, म्हणजे तोही त्या फेऱ्याच्या आधारानेच तगला होता. फेरा काढला आणि सगळा डोलारा खाली आला. वीक केल्यावर प्रोग्राम मोडला की बरेच जण घाबरून परत शेअर्ड करतात, आणि म्हणूनच हा दोष पुन्हा पुन्हा येतो असं माझं मत आहे. प्रोग्राम मोडला याचा अर्थ वीक चुकीचा होता असा नाही. मालक ठरवायचा राहून गेला होता.

म्हणून आम्ही कोड बाजूला ठेवून कागद घेतला. प्रत्येक वर्गाचं नाव लिहिलं आणि समोर एकच प्रश्न: याला कुणी मारायचं? सेशनचं उत्तर आलं, सर्व्हर. मग सर्व्हरकडे कनेक्शन क्रमांकावरून सेशन देणारा मॅप ठेवला, आणि त्यात शेअर्ड पॉइंटर. कनेक्शन तुटलं की मॅपमधून नोंद काढायची. टायमर सेशनचा, आणि दुसऱ्या कुणाचाच नाही, म्हणून तो युनिक पॉइंटर, म्हणजे एकच मालक असलेला पॉइंटर, झाला. टायमरचा लॅम्डा सेशनला फक्त ओळखतो, म्हणून तिथे वीक. वाचणाऱ्या कॉलबॅकमध्ये मात्र आम्ही शेअर्डच पकडला, आणि तो मुद्दाम. तो एकदाच चालून संपतो, लूपच्या रांगेत असेपर्यंत सेशनला जिवंत ठेवतो आणि संपल्यावर सोडून देतो. सॉकेट बंद केलं की तोही चूक घेऊन परत येतो आणि संपतो. स्वतःला धरणारा प्रत्येक लॅम्डा वाईट नसतो. तो स्वतःच्याच सदस्यात साठवला असेल, किंवा स्वतःला पुन्हा पुन्हा रांगेत लावत असेल, तर तो वाईट.

सोबत क्लोज नावाचं उघड फंक्शन लिहिलं: टायमर रद्द कर, सॉकेट बंद कर, मॅपमधून नोंद काढ. दोनदा बोलावलं तरी चालेल असं. यात एक खाच आहे. टायमरचा कॉलबॅक चालू असताना त्याच्याच आतून क्लोज बोलावलं गेलं आणि तिथे टायमरचं फंक्शन रिकामं केलं, तर चालू असलेला लॅम्डा स्वतःच्या पायाखालची फळी काढतो. पकडलेले पॉइंटर त्याच क्षणी नष्ट होतात. म्हणून आत शिरल्या शिरल्या वीकला लॉक करून मिळालेला शेअर्ड पॉइंटर स्थानिक चलात ठेवा, आणि टायमरने आपलं फंक्शन चालवण्याआधी ते स्थानिक चलात हलवून घ्यावं. आमच्या दोन रात्री या खाचेत गेल्या.

लॉकबद्दल आणखी एक. आधी एक्स्पायर्ड (ऑब्जेक्ट मेलंय का) विचारायचं आणि मग लॉक करायचं असं लिहू नका. मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडवर ऑब्जेक्ट मरू शकतं. सरळ लॉक करा आणि हातात काही आलं का ते बघा.

दुसऱ्या वेळचं प्रकरण सोपं होतं. गाडीकडे तिच्या प्रवासांची यादी, प्रत्येक प्रवासाकडे गाडीचा शेअर्ड पॉइंटर. आई आणि मूल. मुलाकडून आईकडे वीक केला, झालं. आईआधी मूल नक्की मरतं याची खात्री असेल तर मुलाकडे साधा उघडा पॉइंटरही पुरतो, त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

तिसरं मात्र मला खरंच चकवून गेलं, कारण तिथे फेरा नव्हताच. सगळीकडे वीक होता. डिस्ट्रक्टर चालत होते, जिवंत काउंटर बरोबर खाली येत होता, तरी मेमरी चढत होती. सूचना पाठवणाऱ्या वर्गाकडे ऐकणाऱ्यांची यादी होती, वीक पॉइंटरची, आणि मेलेल्यांच्या नोंदी त्यातून कुणी काढत नव्हतं. तुम्ही म्हणाल, १६ बाइटच्या नोंदीने काय होतंय? होतं ते असं. मेक शेअर्ड ऑब्जेक्ट आणि कंट्रोल ब्लॉक एकाच तुकड्यात मागून घेतं. ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालला तरी शेवटचा वीक पॉइंटर जाईपर्यंत कंट्रोल ब्लॉक लागतो, आणि तुकडा एकच असल्यामुळे अर्धा परत करता येत नाही. आमचा ६४ किलोबाइटचा बफर ऑब्जेक्टच्या आतच ठरावीक लांबीच्या ॲरेत होता. मेलेल्या प्रत्येक सेशनमागे तो तसाच अडकून राहिला. बफर आपली मेमरी वेगळी मागणाऱ्या व्हेक्टरमध्ये असता तर डिस्ट्रक्टरने तो परत केला असता. आम्ही दोन्ही केलं: बफर व्हेक्टरमध्ये नेला, आणि सूचना पाठवताना लॉक न होणाऱ्या नोंदी त्याच फेरीत यादीतून काढायला सुरुवात केली.

याच वाटेवर भेटणारे काही दोष थोडक्यात. सदस्य फंक्शनच्या आत धिसपासून नवा शेअर्ड पॉइंटर बनवला तर एकाच ऑब्जेक्टच्या दोन वह्या होतात आणि ते दोनदा मारलं जातं. मेमरी वाढत नाही, प्रोग्राम कोसळतो. ॲड्रेस सॅनिटायझर हे लगेच पकडतो. उपाय शेअर्ड फ्रॉम धिस. पण ते कन्स्ट्रक्टरमध्ये बोलावता येत नाही, कारण तेव्हा वही उघडलेलीच नसते. सी प्लस प्लस १७ पासून तिथे बॅड वीक पॉइंटरचा अपवाद (एक्सेप्शन) येतो. एनेबल शेअर्ड फ्रॉम धिसचा वारसा पब्लिक लिहायचा राहिला तरी हाच अपवाद येतो, आणि क्लासमध्ये तो शब्द विसरणं फार सोपं आहे.

शेवटचा पॉइंटर कुठल्या थ्रेडवर सुटेल ते सांगता येत नाही. ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरमध्ये स्वतःच्या कामगार थ्रेडला जॉइन केलं (तो संपेपर्यंत थांबायला सांगितलं) असेल आणि शेवटचा पॉइंटर नेमका त्याच थ्रेडवर सुटला, तर थ्रेड स्वतःचीच वाट पाहायला जातो आणि अपवाद उडतो. हे महिन्यातून एकदा घडतं, म्हणून सापडत नाही. आणि एकाच शेअर्ड पॉइंटर चलावर दोन थ्रेडनी एकाच वेळी लिहू नये. सुरक्षित आहे ती कंट्रोल ब्लॉकमधली मोजणी. ते चल सुरक्षित नाही, आणि आतलं ऑब्जेक्ट तर नाहीच.

दुरुस्ती झाल्यावर क्रॉनची ती ओळ लगेच काढू नका. आम्ही आधी टेस्ट लिहिली. एक छोटा प्रोग्राम सर्व्हरला हजार वेळा जोडतो आणि हजार वेळा तोडतो, बोगद्यात रेंज जावी तसा, निरोप न देता. तोडण्याच्या जागा तीन ठेवल्या: ओळख पटवायच्या आधी, पॅकेट अर्धवट आल्यावर, आणि टायमरचा कॉलबॅक चालू असताना. कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरला लगेच समजावं म्हणून टेस्टमध्ये टायमर तीस सेकंदांऐवजी दहा मिलिसेकंदांचा केला. शेवटी जिवंत सेशनचा काउंटर शून्यावर आला नाही तर बिल्ड नापास. पहिल्याच दिवशी ती दुसऱ्या जागेवर नापास झाली. अर्धवट पॅकेटच्या वाटेवर क्लोज बोलवायचं राहिलं होतं. ते दुरुस्त केलं, दोन आठवडे दोन्ही आकडे लॉगमध्ये शेजारी शेजारी चालताना पाहिले, आणि मग रविवार रात्रीचा रीस्टार्ट काढून टाकला.